हुकुमाचं हसू

वामन, लोक तुझ्या चेहऱ्याचं कौतुक करून गेले. "किती शांत दिसतात डॉक्टर," असं म्हणत एकेक जण पडवीच्या पायऱ्या उतरत होता आणि मी खांबाला टेकून दात आवळत होतो. शांत! अरे, तो चेहरा गेली कित्येक वर्षं तसाच होता. तुझी आई गेली त्या दिवशी तसाच, वहिनींनी गडबडीत शिऱ्यात मीठ घातलं त्या दिवशीही तसाच. मरणानं त्यात काडीची भर घातली नव्हती. हे मी मोठ्यानं बोललो असतो तर लोकांनी मला अंगणाबाहेर काढलं असतं. तू असतास तर हसला असतास, असंही मला सरळ लिहिता येत नाही. तेच तर माझं दुखणं आहे. शेवटच्या दिवशी तू माझ्या गोष्टीला हसलास की नाहीस, एवढं एकच मला जाणून घ्यायचं होतं. तेवढं सोडून बाकी सगळं सांगून तू गेलास.

तुझ्या पदव्या, तुझा दवाखाना, तू कुणाकुणाचे प्राण वाचवलेस, ते शोकसभेत बोलून झालं. बोलणाऱ्यांपैकी निम्म्यांनी तुला कधी हसताना पाहिलं नव्हतं. मी पाहिलं होतं. माडाची वाळकी झावळी पडते ना, तसं हसायचास तू. आधी वर कुठंतरी कडकन आवाज, मग बराच वेळ सुर्रकन घसरत खाली येणं, आणि शेवटी मांडीवर धप्पकन हात. मांडी बहुधा माझी असायची. मी जन्मभर चुकाच केल्या, पण एकही वाया जाऊ दिली नाही. माती लागलेली, पाणी निथळणारी, जशी असेल तशी ती तुझ्याकडे आणून टाकली. दुसऱ्याला सांगितली तर लोक म्हणत, "भिकाजीपंत, जरा जपून वागा." तू म्हणायचास, "पुढं?"

तू मुंबईहून डॉक्टर होऊन आलास त्या सालची गोष्ट घे. आपण रोज संध्याकाळी बंदरावर बसायचो. मी तिथंच कचेरीत कारकून. धक्क्याला पडाव लागला होता आणि खलाशी डोक्यावर कौलं घेऊन फळीवरून उतरत होते. फळी लवत होती, खाली पाणी डचमळत होतं, आणि त्यांतला एक तर चक्क गाणं म्हणत होता.

"त्याला विचार," तू म्हणालास, "आत्ता कुठला पाय पुढं टाकलास? त्याला सांगता यायचं नाही."

"का? प्यायलाय?"

"अरे, त्याच्या मेंदूनं ते काम खालच्या खात्याकडं सोपवलंय. वरचा साहेब नुसतं म्हणतो, पलीकडं जा. कुठला स्नायू आवळायचा, कुठला सैल सोडायचा, फळी लवली की गुडघा किती वाकवायचा, हे साहेबाला कुणी कळवतसुद्धा नाही. कळवायला गेलं की घोटाळा."

"म्हणजे आमच्या कचेरीसारखंच की."

"तंतोतंत."

दुसऱ्या दिवशी सकाळी नवा साहेब पडावाची तपासणी करायला आला. त्याची छत्री आणि कागद सांभाळत मी मागून फळीवर चढलो. जन्मभर त्या फळीवरून गेलेला माणूस मी. पण अर्ध्यावर तुझी आठवण झाली. मनात म्हटलं, बघू तरी, आत्ता माझा कुठला पाय पुढं आहे? झालं. वरच्या साहेबानं खालच्या खात्याकडं खुलासा मागितला आणि दोन्ही पायांनी काम बंद ठेवलं. मी पाण्यात, माझ्यावर उघडलेली छत्री, आणि सरकारी कागद होड्यांमधून तरंगत चाललेले. तसाच ओलाचिंब तुझ्या दवाखान्यात तुला शिव्या घालायला आलो. तू इतका हसलास, की बाकावर गळू घेऊन बसलेला म्हातारा आपलं दुखणं विसरून हसायला लागला, आणि मग "आई गं" म्हणून पुन्हा गळू धरून बसला.

त्यानंतर काही वर्षांनी तुला तो झोपेचा ताप आला. जागा व्हायचास, दोन शब्द बोलायचास आणि बोलता बोलता पुन्हा झोपायचास. वहिनी चमच्यानं पेज भरवायच्या आणि घास गिळायच्या आत तुझे डोळे मिटायचे. उठलास तेव्हा मी सगळ्या वाडीला पेढे वाटले. आपल्याला वाटलं, सुटलास. ताप गेला असं आपण म्हणत होतो. तो आत बसून होता.

ते ओळखलं मी. हे मी अभिमानानं लिहीत नाही. वाडीच्या गणपतीत मी गावातल्या प्रतिष्ठितांच्या नकला करायचो. त्या वर्षी नवी नक्कल बसवली, 'डॉक्टरांचा ताठा'. डावा हात अंगाला चिकटवलेला, जरा पुढं झुकलेली मान, छोटी छोटी पावलं, आणि पापणी न लवता समोर बघणं. मला वाटलं, धंदा चालायला लागल्यावर तुला साहेबी चढली. लोक गडाबडा लोळले. तू मागे बसला होतास. दुसऱ्या दिवशी मला दवाखान्यात बोलावलंस आणि दार लावून घेतलंस.

"परत चाल."

मी चाललो. पुष्कळ रंग भरून.

"रंग भरू नकोस. जसं बघितलंस तसं."

मग मी खरंखुरं चाललो. तू खुर्चीत बसून माझा डावा हात बघत होतास. "हा हलत नाही, हे मला ठाऊक नव्हतं," तू म्हणालास. "भिकू, डॉक्टर तूच व्हायला हवा होतास. असलं निदान कुणी ढोलकीच्या ठेक्यावर केलं नसेल."

त्या दिवशी तू मला सगळं समजावून सांगितलंस. विलायतेहून येणारी तुझी मासिकं टेबलावर पसरली होती. मेंदूच्या बुडाशी एक काळसर पट्टा असतो, नखाएवढा. तापानं तो पुसत आणला होता. "तुझं डोकं पांढरं होतंय ते बाहेरून. माझं आतून."

"म्हणजे हातापायातलं बळ जाणार?"

"बळ कुठं जातंय? हातपाय शाबूत, वरचा साहेब जागा. मधला कारकून मेला. हुकूम सुटतो आणि टेबलावर पडून राहतो."

"तरी मी इतकी वर्षं सांगतोय," मी म्हटलं, "कारकुनाशिवाय सरकार चालत नाही."

तेव्हा झावळी पडली. डोळ्यांनी पाहिलेलं तुझं ते शेवटचं हसणं. मला तेव्हा कळलं असतं तर मी आणखी काहीतरी बोललो असतो. तिथंच, त्याच दमात, पाण्यात पडलो ती गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सांगितली असती.

पुढची वर्षं तू डोळ्यांदेखत दगड होत गेलास. आणि तुझ्या दुखण्याची तऱ्हाच अशी की कुणाचा विश्वास बसू नये. घराच्या मागची जांभ्याची पाखाडी तू एकेक पायरी करत सरळ चढून जायचास. वर पोचलास आणि सपाट खळ्यात आलास की पाय जमिनीला चिकटायचे. अंगण सारवलेलं, मध्ये तुळस, अडथळा कसला नाही, आणि तू मध्यावर उभा. वाडीतले लोक दगडी गडग्यापलीकडून बघायचे आणि कुजबुजायचे. "पाखाडी चढतो नि अंगणात अडकतो? ह्या कसला दुखणा? सोंग हाय." तू मला सांगायचास, पायरी दिसते म्हणून पाय उचलतो. डोळ्यांना काहीतरी धरायला लागतं. सपाट जमीन काहीच सांगत नाही.

मला ते पटायचं नाही. आपला खरा वाद तिथंच सुरू झाला आणि तो कधी मिटला नाही. मी तुझ्यापुढं उभा राहून ओरडायचो, "वामन्या, जोर कर! मनावर घे!" तू खोल गेलेल्या, एकसुरी आवाजात म्हणायचास, "मनावर घेतलंय, म्हणून तर अडकलोय. गप्प बस आणि काहीतरी भलतं बोल." मी चिडून भलतं काहीतरी बोललो की तेवढ्यात तू निघालेला असायचास. मी म्हणायचो, इच्छाशक्ती मोठी. तू म्हणायचास, इच्छाशक्ती मोठी असेल, पण तिला खाली उतरायला जिना लागतो.

मग शिमगा आला आणि देवीची पालखी वाडीत शिरली. लहानपणापासून तू पालखीच्या दांडीखाली पहिला. डॉक्टर झालास तरी धोतर खोचून नाचायचास, आणि देवबीव मानत नाही असं चारचौघांत सांगत नाचायचास. त्या वर्षी तुला खुर्चीत बसवलं होतं. पालखी खळ्यात आली. धाकू ढोलकरी पुढं होता. त्यानं ढोलावर काठी घातली, ताशा तडतडला, आणि तू उठलास. कुणी हात दिला नाही. उठलास, खळं ओलांडलंस, दांडीला खांदा लावलास आणि नाचायला लागलास. जुन्या वामनसारखा, गुडघे मोडून, मान डोलवून. वहिनी ओटीचं ताट घेऊन दारात उभ्या होत्या. नारळ ताटातून निसटून घरंगळत गेला तरी त्यांना कळलं नाही. ढोल थांबला तसा तूही थांबलास. दांडीखालीच, पुतळा. आम्ही चौघांनी तुला उचलून खुर्चीत आणलं.

सगळी वाडी हात जोडून उभी. गुरवानं गाऱ्हाणं घातलं. मी रडत होतो. "आता तरी म्हण," मी तुझ्या कानात म्हटलं, "म्हण, देवी पावली."

"ठेका पावला," तू म्हणालास.

पुढचे कितीतरी दिवस आपण त्यावर भांडलो. तुझं म्हणणं असं की ढोल बाहेरून ठोके देतो, ते कानातून आत जातात आणि मेलेल्या कारकुनाच्या खुर्चीत बसून हुकूम खाली पोचवतात. माझं म्हणणं, मग इतके दिवस तुझ्यापुढं मी टाळ्या वाजवतो, त्यांना काय झालं? तू म्हणालास, "तुला ताल आहे कुठं?" हे मात्र खरं होतं. शेवटी तूच पैज मारलीस. "धाकूला आण. देवीशिवाय. साध्या वारी, साध्या कामाला. चाललो तर ठेका. अडकलो तर देवी, आणि मी नाक घासून नवस फेडीन."

साधं काम कुठलं? तुझी सगळ्यात मोठी अडचण रोज सकाळची. परसातल्या संडासापर्यंत जायला तुला वेळ लागायचा, आणि ज्या गोष्टीला वेळ नसतो तिला वेळ लागला की काय होतं ते मी इथं लिहीत नाही. म्हणून मी धाकूकडे गेलो आणि सांगितलं, उद्या सकाळी डॉक्टरांच्या परसात ढोल वाजवायचा आहे.

"कशाक?" धाकूनं विचारलं.

मी सांगितलं.

"भिकाजीनू," तो म्हणाला, "ह्या ढोलावर देवी नाचते. परसाकडं जायला मी वाजवायचा नाय."

मी त्याला समजावलं की हे शास्त्र आहे. शास्त्र म्हटल्यावर तो आणखी घाबरला. शेवटी देवीचा ढोल घरी ठेवून मेव्हण्याचा लग्नातला ढोल आणायचा, असं ठरलं. तो आला. तू मागच्या दारात उभा होतास, हातात तांब्या, पाय चिकटलेले. धाकूनं एकदा आकाशाकडं बघितलं, डोळे मिटले आणि काठी घातली.

तू निघालास! सरळ, ताठ, ठेक्यावर पाय टाकत, तांब्या सांभाळत. पोफळींच्या मधून, विहिरीच्या कडेनं. मी मागून नाचत होतो. मी पैज हरलो होतो आणि मला इतका आनंद होता की काय सांगू. तेवढ्यात गडग्यापलीकडे गलका झाला. ढोल ऐकून वाडीला वाटलं, पालखी पुन्हा आली. बायका हळदीकुंकू आणि ओटीचे नारळ घेऊन पाखाडीवरून धावत आल्या, म्हातारे उपरणं सावरत आले, आणि सगळे परसात शिरले तो समोर तू, तांब्या घेऊन, संडासाच्या दारात. त्यांना बघून धाकूचा हात थांबला. ढोल थांबला तसा तूही थांबलास, एक पाय उंबऱ्याच्या आत, एक बाहेर. मग शेजारच्या काकूंनी, आता आलोच आहोत तर, अशा चेहऱ्यानं नारळ तुझ्या पायाशी ठेवला आणि नमस्कार केला.

मी खाली बसलो. मला उभं राहवेना. पोट धरून, रडत, लोळत हसत होतो. आणि वर बघितलं तर तुझा चेहरा दगडी, पापणी लवत नाही, जणू कुणाच्या मयताला उभा आहेस. माझं हसू जागच्या जागी मेलं. मला वाटलं, आपण फार दुखावलं ह्याला. सगळ्या गावापुढं.

मी उठून तुझ्याजवळ आलो. "वामन, चुकलं रे."

तू डोळे माझ्याकडं वळवलेस. ओठ जेमतेम हलले.

"भिकू, मी हसतोय."

वामन, माझ्या आयुष्यात मी जी जी वाक्यं ऐकली त्यांत हे मला सगळ्यात जड गेलं.

तू नंतर तेही समजावलंस. डॉक्टरच तो. हसू दोन रस्त्यांनी चेहऱ्यावर येतं. फोटो काढणारा 'हसा' म्हणतो तेव्हा येतं ते हुकुमाचं. त्याचा रस्ता वरून, साहेबाच्या खोलीतून. आणि मित्र फळीवरून पाण्यात पडतो तेव्हा येतं ते आपसूक. त्याचा रस्ता खालून, जुन्या भागातून. कुणाला अर्धांगाचा झटका येतो तर पहिला रस्ता बंद होतो. हस म्हटलं तर तोंड वाकडं होतं, पण विनोद ऐकला की सरळ हसतो. तुझं उलट. तुझा खालचा रस्ता बुजला. "आत सगळं होतंय," तू म्हणालास. "पूर्वीइतकंच. फक्त बाहेर पोचत नाही." आणि म्हणालास, "तुझ्या वहिनीला सांग. मी सांगितलं तर तिला खोटं वाटेल. आवाजही तसाच निघतो."

कारण वहिनींचं मन त्या चेहऱ्यानं मोडत चाललं होतं. त्या मला एकदा पडवीत म्हणाल्या होत्या, "भावजी, खरं सांगा, हे माझ्यावर रागावलेत का? मी काही केलं तरी असे बघतात, जसं मी कुणी परकी." मी त्यांना दोन रस्त्यांचं सगळं सांगितलं, माझ्या पद्धतीनं, म्हणजे घाट, आडवाट आणि लांज्याची मोटार घालून. त्यांना किती कळलं देव जाणे. त्या म्हणाल्या, "मग वरच्या रस्त्यानं तरी पाठवा म्हणावं कधीतरी."

तो निरोप मी तुला दिला. त्यानंतर तू आरशासमोर बसायला लागलास. मी एकदा अचानक आलो आणि बघितलं. दाढीचा आरसा खिडकीला टेकवलेला, आणि तू त्याच्यासमोर एकेक स्नायूला नावानं हाक मारत असल्यासारखा ओठांचे कोपरे वर चढवत होतास. कपाळावर घाम. ज्या माणसाचं हसू झावळीसारखं आपोआप पडायचं, तो खाली बसून एकेक पात जागेवर लावत होता. मी आल्या पावली परत गेलो. तुला दिसलो का रे मी? विचारायचं राहिलं.

आणि ते हसू तू वहिनींना दाखवलंस तेव्हा त्या घाबरल्या! आतून मला हाक मारली, "भावजी, लौकर या, ह्यांची दातखीळ बसतेय!" मी धावलो. तू बिचारा सगळे दात दाखवत, डोळे तसेच दगडी ठेवून त्यांच्याकडं बघत होतास. "वहिनी," मी म्हटलं, "ते हसू आहे. तुमच्यासाठी." त्या बघत राहिल्या. मग पदरानं तुझ्या कपाळावरचा घाम पुसला आणि म्हणाल्या, "नका हो इतके कष्ट घेऊ. मी आपली दुसरीकडून बघीन."

त्यांनी खरंच दुसरीकडून बघितलं. कसं सापडलं कुणास ठाऊक, पण त्यांनी शोधून काढलं की तू आतून हसलास की पोटाला थरथर सुटते. मग माझ्या गोष्टींची ती पद्धतच पडली. मी समोर बसून सांगायचो, तू भिंतीसारखा, आणि वहिनी खाटेच्या कडेला बसून तळहात तुझ्या पोटावर ठेवायच्या. गोष्ट रंगात आली की मी त्यांच्याकडं बघायचो. त्या जरा वेळ घेऊन सांगायच्या, "हसले." कधी म्हणायच्या, "थोडंसं." एकदा तर म्हणाल्या, "ही मागच्या महिन्यात सांगितली होतीत, भावजी. पोट हललं नाही." एवढा कडक श्रोता मला आयुष्यात भेटला नाही. जगात दुसऱ्या कुठल्या बडबड्याला असा हुशार दुभाष्या मिळाला असेल? मी त्या काळात मुद्दाम चुका करायला लागलो होतो, तुला पुरवठा कमी पडू नये म्हणून. मुद्दाम केलेल्या चुकांना तू कधी हसला नाहीस, हेही नमूद करतो.

धाकूचा ढोल पुढं पुढं चालेना. मग खुर्ची गेली, मग गिळणं गेलं. शेवटच्या दिवशी मी आलो तेव्हा तू डोळे अर्धे मिटून पडला होतास आणि श्वास ओढत होतास. मला रडता येत नाही तुझ्यासमोर, म्हणून गोष्ट सांगितली. लांज्याला भाच्याच्या लग्नाला गेलो, भलत्याच मांडवात शिरलो, पोटभर जेवलो, आहेर केला, नवरानवरीला आशीर्वाद दिला, आणि नवरीच्या मामानं विचारलं, "आपण कुणाकडचे?" तेव्हा मोठ्या मानानं म्हणालो, "मुलाकडचा!" आणि बघितलं तर मुलगा आमचा नव्हता. खरी चूक होती, वामन, शपथेवर. संपल्यावर मी वहिनींच्या तोंडाकडं बघितलं. त्यांनी तुझ्याकडं बघितलं. मग म्हणाल्या, "हसले, भावजी."

मी घरी गेलो. दुसऱ्या दिवशी उजाडताना तू गेलास.

तेव्हापासून ते एक वाक्य मला कुरतडत होतं. खरंच हसलास? की माझं तोंड बघून वहिनींना दया आली? तुझे दिवस झाले, पाहुणे पांगले, आणि काल मी त्यांना विचारलं. पडवीत सुपारी कातरत बसल्या होत्या. अडकित्ता थांबला.

"खोटं सांगितलं मी, भावजी," त्या म्हणाल्या. "पोटाला माझा हात नव्हताच."

"नव्हता?"

"ह्यांनी धरून ठेवला होता ना. तुमची गोष्ट सुरू झाली आणि मी हात पुढं केला, तो ह्यांनी मधेच धरला. इतका घट्ट की सोडवता येईना. पदराखाली होता म्हणून तुम्हाला दिसला नाही. तुम्ही माझ्याकडं बघत राहिलात, मग काय सांगणार? म्हटलं, हसले." त्यांनी सुपारीकडं बघितलं. "इतक्या वर्षांच्या संसारात ह्यांनी दुसरं माणूस समोर असताना माझा हात कधी धरला नव्हता. तुम्ही होतात तिथं, आणि तरी धरला."

वामन, मला तुझं सगळं शिकवणं त्या क्षणी आठवलं. बाळंतिणींकडून परत येताना तू सांगायचास, नुकतं जन्मलेलं मूल तळहाताला लागलेलं बोट घट्ट धरतं, त्यात माया नसते, ती मेंदूच्या खालच्या मजल्याची सवय असते. मोठेपणी वरचा मजला तिला दाबून ठेवतो. आणि माणूस जायला लागला, वरचे दिवे विझायला लागले, की ती कधी कधी पुन्हा वर येते. हातात येईल ते हात धरतो, आणि सोडत नाही. मला सगळं पाठ होतं. तुझाच विद्यार्थी मी. आणि मला पोटात काही ठेवता येत नाही हे तर तुला माहीतच आहे. ऐकलेलं सांगितल्याशिवाय मला अन्न पचत नाही.

वहिनी माझ्याकडं बघत होत्या. आपला उजवा हात त्यांनी डाव्यात धरला होता.

मी म्हटलं, "हो, वहिनी. त्यानं तुमचाच हात धरला."

तू म्हणशील, भिकू, हे शास्त्राला धरून नाही. तू तिथं नव्हतास, मी होतो. समोर बसून बघत होतो, जरी पदराखालचं दिसत नव्हतं तरी. आपल्या एवढ्या वादांत एकदाही तू मला जिंकू दिलं नाहीस. हा मी जिंकलो असं मी ठरवलं आहे, आणि तुझ्याकडून उलट उत्तर येत नाही हे मला सोसत नाही.